लाल शाईला जागा नाही

सावदा, पूर्व खानदेश
ता. २० जून १९३७

ती. गं. भा. प्रमिलाआत्या यांस कुंदाचा नमस्कार.

आत्या, तू धुळ्याच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवतेस आणि मला आता इंग्रजीशिवाय तरणोपाय उरलेला नाही, म्हणून हे पत्र. भाऊंची लेक असून भाऊंना विचारून लिहीत नाही. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, आधीच घरात एक शहाणी होऊन गेली, दुसरी नको. ती पहिली शहाणी कोण ते तू ओळखलंच असशील.

अखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या सणाला, मी माहेरी आले. झोके झाले, गाणी झाली, आणि मग गावातल्या एकेका सासुरवाशिणीला न्यायला तिच्या घरचा माणूस आला. मला न्यायला फैजपूरहून कुणीच आलं नाही. सावदा ते फैजपूर रस्ता तो केवढा! बैल न हाकता घरी पोचतील. पण न्यायला आल्याशिवाय लेक धाडायची नाही हा आपला रिवाज, आणि न्यायला कुणी आलंच नाही तर गाव काय समजायचं ते समजतं. आई दिवसभर दाराकडे बघत असते. मी समोर दिसले की उगाच तांदूळ निवडायला घेते.

माणूस आला नाही, पुण्याहून टपाल मात्र आलं. 'हे' तिथं वकिलीचा अभ्यास करतात. पत्र इंग्रजीत. भाऊंनी ते सावदा स्टेशनच्या बाबूंकडून वाचवून घेतलं. मजकूर असा: मला चारचौघांत शोभेल अशी बायको हवी. कुंदानं मला इंग्रजीतून पत्रं लिहावीत, मी ती तपासून परत धाडीन. ज्या दिवशी एकही चूक नसलेलं पत्र येईल, त्या दिवशी तिला न्यायला माणूस पाठवीन. मुदत पुढच्या अखाजीपर्यंत. नाही जमलं तर पुण्यातलं एक शिकलेलं स्थळ सांगून आलेलं आहेच.

मी इंग्रजी तिसरीपर्यंत शिकले, तेवढ्यावर पत्र लिहून धाडलं. ते परत आलं तेव्हा माझ्या काळ्या शाईपेक्षा त्यांची लालच जास्त. मुख्य घोळ त्या बारक्या शब्दांचा. 'वेट'च्या पुढं 'फॉर' का, 'लिसन'च्या पुढं 'टू' का, 'डिपेंड'च्या पुढं 'ऑन' का? कुणी ठरवलं हे? आणि दुसरा घोळ असा की पत्राच्या वर नवऱ्याचं नाव घालायचं म्हणे, 'माय डियर अमुक'. मी नाव कसं लिहू गं? तिथं मी कोरी जागा सोडली, तर त्या कोऱ्या जागेलाही लाल गोल!

आत्या, मला टाकून दिलेली म्हणून जगायचं नाही. तू शिकव. मी शिकीन.

तुझी,
कुंदा

*

धुळे
ता. २९ जून १९३७

चि. कुंदास आत्याचे आशीर्वाद.

पहिली गोष्ट, मायन्यात मला गं. भा. लिहू नकोस. नुसती आत्या पुरे. मी नवरा गेल्यावर शिकले, नोकरी धरली, खोली भाड्यानं घेतली, आणि टपालात अजून त्या दोन अक्षरांच्या मागूनच यायचं की काय?

तुझं पत्र वाचून माझं डोकं असं तापलं की वर्गात बिचाऱ्या पोरींवर उगाच ओरडले. वकील होणार म्हणे! बायकोला घरी नेण्याची परीक्षा घेतो आणि निकाल अखाजीला लावतो. बरं, त्याला परीक्षाच हवी ना? मग आपण देऊ. अशी देऊ की लाल शाईची दौत वाळून जाईल त्याची. माझ्या भाचीला कुणी नापास केलेलं मला चालणार नाही, कळलं?

आता ऐक. 'का' हे विचारायचं नाही. मीही पहिलं वर्ष 'का' विचारण्यात घालवलं. आपले शब्दयोगी नामाच्या मागून चालतात, 'घरासाठी', 'शेताकडून'. यांचे पुढं पुढं करतात. आणि कोणत्या क्रियापदाला कोणता लागतो याला नियम असा फारसा नाहीच, सवय आहे. भाऊच्या गोठ्यातली बैलजोडी आठव. उजवीकडचा उजवीलाच जुंपायचा, डावीला घातला की अडून बसतो. तसं 'वेट'ला एकटं पाठच करू नकोस. 'वेट फॉर' असं जोडीनंच तोंडात बसव. लिसन टू. डिपेंड ऑन. बिलाँग टू. सफर फ्रॉम. अॅप्रूव्ह ऑफ.

काही क्रियापदं मोठी हटवादी, त्यांना मधे कुणीच खपत नाही. 'ऑबे', 'एंटर', 'मॅरी'. नवऱ्याची आज्ञा पाळायला इंग्रजीत मधे काही लागत नाही, बघ कशी सोय करून ठेवली आहे.

'लुक'चं मात्र सांभाळून. 'लुक अॅट' म्हणजे बघणं, 'लुक फॉर' म्हणजे शोधणं, 'लुक आफ्टर' म्हणजे काळजी घेणं. आणि त्यानं तुला जे लिहिलंय, 'न्यायला माणूस पाठवीन', ते 'सेंड फॉर'. प्रत्येकाची दहा वाक्यं करून धाड. वाक्यं तुझ्या घरातली, तुझ्या मळ्यातली हवीत. राजा, राणी आणि टेबलावरचं पुस्तक मला नको.

नावाचं म्हणशील तर सध्या 'डियर हजबंड' लिही. चालतं.

तुझी आत्या

*

सावदा
ता. १४ सप्टेंबर १९३७

ती. आत्यास नमस्कार.

गं. भा. काढलं बघ. आईनं पाकीट पाहिलं आणि म्हणाली, "आत्ता व माय! असं उघडंबोडकं नाव लिहितात का मोठ्या मानसाचं?" मी म्हटलं, तिचा हुकूम आहे.

वाक्यं सोबत आहेत. तू घरातलीच हवीत म्हणालीस, म्हणून मी कामं वाटून टाकली. भाकरी थापताना 'टू'ची क्रियापदं, केळीचा घड उतरवताना 'फ्रॉम'ची, झाडलोट करताना 'फॉर'ची. शेजारची बेबाबाई आईला म्हणाली, पोरीला काही झालंय का, एकटीच पुटपुटते. परवा भाऊंबरोबर स्टेशनवर गेले. केळीची वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, दिल्लीला भरत होती. वाघिणीच्या चिठ्ठीवर 'फ्रॉम सावदा, टू दिल्ली' असं छापलेलं. मी मोठ्यानं वाचलं तर हमाल हसले, पण भाऊ हसले नाहीत. घरी येताना वाटेत इतकंच म्हणाले, "उच्चार बरा हाये तुहा." आत्या, भाऊंनी एवढं म्हणणं म्हणजे माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

पुण्याचं सांगते. श्रावणात मी लिहिलं की वादळात तुमच्या फैजपूरच्या मळ्यातली केळी आडवी झाली, सासूबाई एकट्या आहेत, फार खचल्या आहेत. पत्र परत आलं. लाल खुणा पुष्कळ कमी, पण केळीबद्दल अक्षर नाही, आईबद्दल अक्षर नाही. 'डियर हजबंड'ला मात्र गोल, आणि बाजूला लिहिलंय, राइट माय नेम. पुण्यात त्यांनी नाव बदललंय. आता ते उमाकांत झालेत. पहिलं नाव मी अजूनही लिहीत नाही, तुला ठाऊक आहे.

हे काय पत्र झालं, आत्या? मी बोलते आणि तो माझे दात मोजतो.

तुझी,
कुंदा

*

धुळे
ता. २ ऑक्टोबर १९३७

चि. कुंदास आशीर्वाद.

वाक्यं वाचून शाळेत सगळ्यांना दाखवली. 'आय लुक आफ्टर द यंग बनाना प्लँट्स' हे तर मी फळ्यावर लिहिलं. एक वाक्य चुकलं आहे, 'आय लिसन युवर मदर'. तिथं 'टू' विसरलीस, उजवीचा बैल गोठ्यातच राहिला.

त्याच्या वागण्यानं मन खट्टू करून घेऊ नकोस. लाल शाई कमी होत आहे, म्हणजे आपण जिंकतोय. मला तर आता चेव आलाय. दिवाळीच्या आधी 'अॅग्री विथ', 'अॅग्री टू', 'होप फॉर', 'आस्क फॉर', 'रिकव्हर फ्रॉम' हे सगळं पक्कं कर. त्यानं केळीबद्दल लिहिलं नाही तर नाही लिहिलं. तो परीक्षक आहे, परीक्षकाकडून माया कसली मागतेस? आधी पास हो, मग घरात गेल्यावर दाखव काय दाखवायचं ते.

नावाचं म्हणजे उमाकांतच लिही, ते टोपणनाव समज.

तुझी आत्या

*

ता. १८ जानेवारी १९३८

ती. आत्यास नमस्कार.

उशीर झाला, रागावू नकोस. कामं फार. वाक्यं थोडीच पाठवते. 'रिकव्हर'च्या पुढं 'फ्रॉम' ना? आणि 'डाय'च्या पुढं काय लागतं? 'ऑफ' की 'फ्रॉम'? तापानं माणूस जातं तेव्हा काय म्हणतात? लवकर कळव. सहज विचारते आहे.

कुंदा

*

धुळे
ता. २५ जानेवारी १९३८

कुंदा,

'डाय ऑफ'. तापानं, 'डाय ऑफ फीवर'. पण हे कुणी सहज विचारत नाही.

मला तू वेडी समजतेस काय? पत्रावर गावाचं नाव नाही, आणि पाकिटावर शिक्का फैजपूरचा! तू सासरी गेली आहेस. तुला न्यायला कोण आलं? भाऊला लिहून विचारलं तर त्याचं उलट टपाली दोन ओळींचं कार्ड, 'ती गेली. मला विचारू नकोस.'

म्हणजे बोलावणं नसताना तू आपली आपण चालत गेलीस. अगं, सात महिने आपण दोघींनी कशासाठी घासलं? त्यानं मान खाली घालून माणूस धाडावा म्हणूनच ना? आता तो म्हणेल, बघा, आली लाळ घोटत. जिंकत आलेला डाव तू हातानं उधळलास. मला इतका राग आलाय की हे पत्रही नीट लिहिता येत नाही.

काय झालं ते सरळ लिही. लपवू नकोस.

आत्या

*

फैजपूर
ता. ९ मार्च १९३८

ती. आत्यास नमस्कार.

सरळ लिहिते.

पौषात फैजपूरच्या मळ्यावरचा सालदार भाईदास सावद्याला केळीची गाडी घेऊन आला होता. जाताना ओट्याशी थांबला आणि म्हणाला, "बाई, मालकीन तापानं फनफनल्या हायेत, घरात पानी द्यायले कोनी नही." न्यायला म्हणून नव्हता आला, नुसतं सांगायला आला होता. भाऊ म्हणाले, न्यायला आल्याशिवाय माझी लेक जाणार नाही, माझं तोंड गावात राहू दे. मी म्हटलं, "भाऊ, तिथं बाई मरून राहिली आणि मी इथं मानपान घेऊन बसू?" आणि भाईदासच्या रिकाम्या गाडीत चढून बसले. भाऊ आत निघून गेले, आईनं धावत येऊन पदरात गुळाचा खडा बांधला. तुला लिहिलं नाही, कारण तू अशीच चिडणार हे मला ठाऊक होतं. चीड हवी तेवढी. मी लाळ घोटायला आले नव्हते.

मुदतीचा ताप होता. सासूबाईंना शुद्ध नसायची. मी पुण्याला लिहिलं. इंग्रजीतच लिहिलं, कारण मराठी पत्र ते उघडत नाहीत, भाईदासनं दिवाळीत लिहवून धाडलेलं तसंच परत आलं होतं. मी लिहिलं, तुमची आई फार आजारी आहे, तुमची वाट बघते, लवकर या. आत्या, घाईत 'सफर'च्या पुढं चुकून 'ऑफ' पडलं.

पत्र परत आलं. सावद्याच्या पत्त्यावर आलेलं आईनं इकडं धाडलं. 'ऑफ'भोवती एक लाल गोल, वर 'फ्रॉम'. बाकी कोरं.

त्या दिवशी सासूबाईंचा ताप जरा उतरलेला. पाकीट माझ्या हातात बघून त्या उठून बसल्या. लिहिता-वाचता येत नाही त्यांना. कागद हातात घेतला, तो लाल ठिपका बघितला आणि त्यांचा चेहरा असा उजळला! "कुकू लावीसन धाडलं व माय! उखर्डू येऊन राह्यला!" लेकाचं नाव त्यांच्या तोंडचं म्हणून उतरवते. आपल्याकडं शुभ कागदाला कुंकू लावतात ना, तेच वाटलं त्यांना. दुसरं लाल त्यांना माहीतच नाही. कागद कपाळाला लावला, उशाखाली ठेवला, आणि कितीतरी दिवसांनी पेज मागून घेतली. मी तिथं उभी होते. माझ्या तोंडून हो निघेना आणि नाही पण निघेना. मागच्या दारी जाऊन मी अशी रडले, अशी रडले की भाईदासला वाटलं म्हातारी गेली.

ती बाई त्या कागदाच्या जोरावर बरी झाली, आत्या. रोज भाईदासला म्हणायची, रस्त्याकडे बघ. कुणी येत नव्हतं.

बरी होताना तिनं मला लेकाच्या नावाची गोष्ट सांगितली. "त्याच्या आंधी माहे दोन लेकरं गेल्ते. मंग हा झाला तं सुपात ठीसन उकिल्ड्यावर टाकला, आन् शेजारनीकून उचलून आनला. म्हटलं, हा माहा नही, उकिल्ड्याचा हाये, देवा, याच्याकडे पाहू नको. म्हनून उखर्डू. जगला ना मंग!" हे उकिरड्यावरचं नाव त्यांना पुण्यात लाजिरवाणं वाटतं.

आता तू म्हणालीस तसं मी एक अगदी निर्दोष पत्र लिहिणार आहे. वर 'माय डियर उमाकांत' असंही लिहिणार आहे. ते लिहायला मला काहीच वाटत नाही. त्या नावाच्या माणसाशी माझं लग्न झालेलं नाही.

तुझी,
कुंदा

*

धुळे
ता. १७ मार्च १९३८

चि. कुंदास आत्याचे आशीर्वाद.

पत्र वाचून मी खोलीत कितीतरी वेळ येरझारा घालत होते. तू गाडीत चढून बसलीस ते शंभर वेळा बरं केलंस. मी डाव डाव करत बसले, आणि तिकडे एक बाई मरणाच्या दारात होती. माझे चिडलेले शब्द मागे घेते, बाकीच्या शिकवणीतलं मात्र अक्षर मागे घेत नाही.

लिही ते पत्र. एकही खूण करायला जागा देऊ नकोस. पाठवण्याआधी मला दाखवू नकोस, आता गरज नाही. पण पुढं काय ते तुझं तू ठरव. तो माणूस धाडील, तेव्हा जायचंच असं कुणी सांगितलेलं नाही. तुझा बाप सांगेल, गाव सांगेल, मी सांगणार नाही. माझ्या शाळेत जूनपासून मॅट्रिकचा वर्ग सुरू होतोय. खोलीत दुसरी खाट मावते, मी मोजून बघितली आहे.

तुझी आत्या

*

फैजपूर
ता. ६ मे १९३८

ती. आत्यास नमस्कार.

पत्र पास झालं! परत आलं ते कोरं करकरीत, खाली लाल शाईत एकच शब्द, 'अॅप्रूव्ह्ड'. आणि सोबत त्यांच्या चुलतभावाला, झुलालला, निरोप: अखाजीला सावद्याहून कुंदाला घेऊन पुण्याला यावं. मी फैजपुरात आहे हेही ठाऊक नाही त्यांना. मी प्रत्येक पत्रात लिहिलं होतं. वाचलंच नाही, तपासलं फक्त.

न्यायचं तर माहेराहूनच न्यायला हवं, म्हणून अखाजीला मी सावद्याला गेले. भाऊ आधी मळ्यात निघून गेले. मग स्वतः लिंबाला झोका बांधून दिला, दोर दोनदा ओढून बघितला. मी झोक्यावर असतानाच दारात बैलांची दमणी थांबली. आई लगबगीनं ओटीचं सामान काढायला धावली. झुलाल मागं बसलेला, आणि पुढं, गाडीवानाच्या शेजारी, सासूबाई!

न्यायला बाईमाणूस आलेलं सावद्यानं कधी बघितलं नव्हतं. तीही विधवा, आणि अखाजीच्या दिवशी. बेबाबाईनं तर कपाळावर हात मारून घेतला. सासूबाई उतरल्या आणि भाऊंसमोर, आपल्या व्याह्यांसमोर, उभ्या राहिल्या. "येवाई, मी सुनेले न्यायले आली. पन पुन्याले नही. माह्या घरी. तिले यायचं असंल तं." झुलाल म्हणाला, काकू, दादानं तर पुण्याला आणायला सांगितलंय. तशा त्या त्याच्यावर कडाडल्या, "तो सांगनारा कोन? मी मरत होती तं कोन आलं? ही आली!" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "ते कुकू नव्हतं, पोरी. पोस्टमनाले इचारलं मी. तुनं सांगितलं नही, म्हनून मी जगली."

आत्या, साऱ्या गावासमोर मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. भाऊंनी पुढं होऊन सासूबाईंना हात जोडले. मग आईला म्हणाले, "ओटी भर. पोरगी तिच्या सासूच्या घरी चालली."

झुलाल उत्तर मागत होता, पुण्याला काय कळवू म्हणून. मी कागद घेतला. आई म्हणाली, इंग्रजीत लिही हो, म्हणजे ते वाचतील. मी म्हटलं, मराठीही वाचतील. झुलाल हातात देईल, उघडावंच लागेल. मी लिहिलं ते असं:

'उखर्डू,

माहं पत्र पास झालं हे कयलं. मी पुन्याले येत नही. तुमची माय बरी झाली, तुम्ही इचारलं नही म्हनून सांगते.

कुंदा'

नाव लिहिताना आईनं डोळे मिटून घेतले. माझा हात जरासुद्धा थांबला नाही. सासूबाईंनी वाचून दाखवायला सांगितलं. त्या नावापाशी त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "आता हे त्याले पोचंल."

मी घडी घालणार तोच त्यांनी माझा हात धरला. ओटीच्या ताटातल्या करंड्यात बोट बुडवलं आणि कागदाच्या चारी कोपऱ्यांना कुंकू लावलं. सगळ्या बाया बघत राहिल्या. विधवेनं कुंकवाला हात लावला म्हणून कुणीतरी पुटपुटलं, तर त्या म्हणाल्या, "चांगली बातमी हाये. कागद कोरा कसा धाडू?"

तेच पत्र घेऊन झुलाल पुण्याला गेला.

आता जूनचं. सासूबाई म्हणतात, मळा मी आणि भाईदास बघू, तू शीक. तुझी ती दुसरी खाट टाकून ठेव. आणि आत्या, मला न्यायला कुणाला धाडू नकोस. माझी मी येते.

तुझी,
कुंदा